सिस्टरांचं दप्तर

माझ्या लग्नानंतर सिस्टर पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, त्या दारातून सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी पलंगावरची चादर ओढून खाली टाकली. माझ्या सासूबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन बघतच राहिल्या. सिस्टरांनी चादर झटकली, पुन्हा अंथरली, चारही कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचले आणि मोरीत जाऊन हात धुतले. मग म्हणाल्या, "हे हिला मी शिकवलंय. सासरी येऊन विसरली. आता द्या पाणी."

त्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ह्या तुझ्या कोण?"

"आमच्या सिस्टर," मी म्हटलं. याहून वेगळं काय सांगणार?

वसईतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात ए.एन.एम.चा वर्ग होता. गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी मुली तयार करायच्या, त्यांना बाळंतपणं करायला शिकवायचं, असं ते काम. मोखाडा-जव्हारकडच्या मुली यायच्या, अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या यायच्या आणि माझ्यासारख्याही, ज्यांचे वडील कोकणातून येऊन नालासोपाऱ्यात एका खोलीत राहिले होते. या सगळ्यांना शिकवणाऱ्या सिस्टर. पुढे मीही त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले, तरी त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकून बसायचं धाडस मला कधी झालं नाही. त्यांना जाऊन आता बरेच दिवस झाले. अजूनही चादर घालताना मी एकदा मागे वळून बघते.

पाठीमागे आम्ही त्यांना 'चिमटा' म्हणायचो. उकळलेल्या हत्यारांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं, ही शिस्त त्यांनी घरीही लावून घेतली होती. वडा चिमट्याने, पेढा चिमट्याने. एकदा त्यांच्या सोसायटीत सत्यनारायण होता. भटजी मुठीने प्रसाद वाढत होते. सिस्टरांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला चिमटा काढून पुढे केला. भटजी चिडले. म्हणाले, "बाई, देवाचा प्रसाद आहे."

"प्रसाद देवाचाच आहे," सिस्टर म्हणाल्या, "हात तुमचा आहे."

वर्गात कोणी चुकलं आणि 'सॉरी सिस्टर' म्हणालं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "सॉरी हे औषध नाही. पुन्हा कर." रडणाऱ्या मुलीला त्या कधी गप्प करत नसत. "रड. पण हात थांबवू नकोस," एवढंच सांगत. आम्हाला तेव्हा हे फार निष्ठुर वाटायचं. पुढे कामाला लागल्यावर, दिवे गेलेल्या उपकेंद्रात बाईच्या किंकाळ्या ऐकत उभं राहिल्यावर, डोळ्यांतून पाणी आणि हातून काम, दोन्ही एकदम चालू शकतं हे आमचं आम्हालाच कळलं.

सिस्टर आगाशीकडच्या वाडीवाल्यांच्या घरातल्या. केळी, पानवेली, कडेने मोगरा, दारात विहीर. घरचं सगळं व्यवस्थित. अशा घरातल्या मुलीने नर्सिंगला जायचं म्हटल्यावर वडिलांनी ताट बाजूला सारलं होतं. "आपली पोर परक्यांची घाण काढणार?"

"घरातल्यांची काढतेच की," सिस्टर म्हणाल्या होत्या. "तिथे पगार नाही, इथे आहे."

त्या दिवशी त्या घराबाहेर पडल्या आणि रुळांच्या पलीकडे, विरार पूर्वेला फुलपाड्यात खोली घेऊन राहिल्या. लग्न केलं नाही. दर गणपतीला मात्र वाडीवर जायच्या. कोणी 'ये' म्हणत नसे, कोणी 'जा' म्हणत नसे. ओटीवर बसायच्या, आईने मुकाट्याने आणून दिलेला मोदक खायच्या आणि परत यायच्या. "गणपती माझापण आहे," म्हणायच्या. "त्याने मला घराबाहेर काढलं नाहीये."

वडील अंथरुणाला खिळल्यावर त्या रजा टाकून गेल्या. पाठीला झालेल्या जखमा रोज धुतल्या, रोज कूस बदलली. एक दिवस वडिलांनी हात जोडले. मी तेव्हा मदतीला गेले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मला वाटलं, आता सिस्टर रडतील. त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या. सलाईन निघेल."

इस्पितळाचे संस्थापक एक मोठे डॉक्टर होते. हात सोन्याचा, तोंड मात्र भयंकर. एका अवघड बाळंतपणानंतर ते हात धुवायच्या खोलीत आले आणि मोखाड्याच्या एका मुलीवर भडकले. तिने मघाशी त्यांनी मागितली ती कात्री न देता दुसरीच दिली होती. बोलता बोलता त्यांनी वापरलेल्या हत्यारांचा ट्रे उचलून जमिनीवर फेकला. मुलगी भिंतीला चिकटून उभी. आम्ही बाकीच्या दारात.

सिस्टर आत आल्या. आधी मुलीचे पाय बघितले, कुठे लागलं नाही ना. मग म्हणाल्या, "डॉक्टर, ट्रे उचला."

"मावशीला सांगा."

"मावशीने टाकला नाही."

डॉक्टर निघून गेले. सिस्टरांनी आम्हाला बजावलं, "कोणी हात लावायचा नाही." ट्रे तिथेच पडून राहिला. मावशी त्याला वळसा घालून फरशी पुसायची. डॉक्टर हात धुवायला यायचे, ट्रेकडे न बघता हात धुवायचे आणि जायचे. सिस्टरांना ट्रस्टकडून मेमो आला. त्यांनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं: 'ट्रे अजून खाली आहे.' सगळ्या इस्पितळात याच गोष्टीची चर्चा. पेशंटचे नातेवाईकसुद्धा विचारायचे, "उचलला का?"

आणि एका सकाळी डॉक्टर आले, वाकले, एकेक हत्यार गोळा केलं आणि ट्रे कट्ट्यावर ठेवला. सिस्टर तिथेच उभ्या होत्या. "थँक यू डॉक्टर," म्हणाल्या आणि ट्रे उकळायला पाठवला.

हे सगळं त्यांनी वर्गाच्या रोजनिशीत लिहून ठेवलं. वर्गात जे घडेल ते लिहायचं हा त्यांचा नेम होता. कोण उशिरा आलं, कोणी पहिलं बाळंतपण एकटीने केलं, कोणाला बापाने शिक्षण सोडवून नेलं, सगळं. लपवाछपवी काही नव्हती. वही टेबलावरच पडलेली असायची, वाटेल त्याने वाचावी.

पुढे नियम बदलले, मान्यता गेली आणि वर्ग बंद पडला. सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या. डॉक्टरही वारले होते आणि ट्रस्टचं अध्यक्षपद त्यांच्या मुलाकडे आलं होतं. जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली. एका दुपारी इस्पितळाच्या शिपायाने मला फोन केला, "मॅडम, वर्गाचे सगळे कागद रद्दीत चाललेत." मी सिस्टरांना कळवलं. मी नालासोपाऱ्याच्या त्या रद्दीच्या दुकानात पोहोचले तेव्हा सिस्टर आधीच गठ्ठ्यांच्या ढिगावर चढून बसल्या होत्या. पांढरी साडी, मांडीवर पर्स. दुकानदार काकुळतीला आला होता.

"माताजी, ऊपर मत बैठो. वजन में फरक पडता है."

"मग मलाही तोल," सिस्टर म्हणाल्या.

रद्दीच्या भावाने त्यांनी ते सगळं विकत घेतलं. टेम्पोने फुलपाड्याला आणलं. मुलींच्या प्रसूतीच्या वह्या, त्यात प्रत्येकीने केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची हकीकत. प्रवेशाचे अर्ज, हजेऱ्या, फोटो, मेमो, रजेच्या चिठ्ठ्या आणि ती रोजनिशी. पलंग गठ्ठ्यांना दिला आणि स्वतः खाली चटईवर झोपू लागल्या. सोसायटीचे सेक्रेटरी वाळवीची तक्रार घेऊन आले, तर त्यांच्याच हाती कडुलिंबाचा पाला देऊन म्हणाल्या, "बरं झालं आलात. त्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात घाला."

दर रविवारी जुन्या मुली कागद लावायला जमू लागल्या. मुली म्हणजे काय, कोणी आजी झालेली, कोणी निवृत्त. अर्नाळ्याची एक होती, तालुक्यातल्या कितीतरी पोरांना जगात आणलेली. तिच्या हाती तिची स्वतःची वही लागली. पहिल्या पानावर शाईचा डाग, वेडंवाकडं अक्षर. तिने त्या डागावरून बोट फिरवलं. मग ताडकन म्हणाली, "ह्यो माझा हात हाय. कोन म्हनला रद्दी? त्याला माझ्यासमोर आना."

मुंबईतल्या एका संस्थेकडे जुने कागद जपून ठेवणारं संग्रहालय होतं. सिस्टरांनी त्यांना पत्र पाठवलं. एक तरुण संग्रहपाल बघायला आला. आल्या आल्या त्याने हात धुतले, तेव्हाच तो पास झाला. दिवसभर बसून त्याने सगळं चाळलं आणि भीत भीत म्हणाला, "सिस्टर, जागेची अडचण आहे. संस्थापकांचे फोटो, उद्घाटनाचे कागद, ठराव हे घेऊ. प्रसूतीच्या वह्या मात्र सगळ्या एकसारख्याच आहेत. नमुन्याला चार-पाच घेतल्या तर?"

"बाळंतपणं एकसारखी असतात का, हे घरी जाऊन आईला विचार," सिस्टर म्हणाल्या. "ती हो म्हणाली तर चार-पाचच घेऊन जा."

तो हसला. बहुधा त्याने खरंच विचारलं असावं, कारण पुढच्या रविवारी तो आला तो सगळं न्यायला तयार होऊनच. फक्त एक अडचण त्याने सांगितली. वह्यांत पेशंट बायकांची नावं आहेत, ती उघडी ठेवता येणार नाहीत.

"ठेवायचीच नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्यावर पट्ट्या लाव, कुलूप लाव, काय हवं ते कर. पण माझ्या मुलींची नावं झाकलीस तर बघ. आजवर उलटंच चाललंय. कोणत्या बाईला काय झालं ते गावभर होतं, आणि कोणी निस्तरलं ते कोणाला ठाऊक नसतं."

संग्रहालयाने रीतसर ट्रस्टला पत्र पाठवलं आणि तिथे गाडं अडलं. अध्यक्ष स्वतः फुलपाड्याला आले, पेढ्यांचा पुडा घेऊन, तीन जिने चढून. सिस्टर त्यांना एकेरीत बोलायच्या, कारण लहानपणी त्यांना त्रिगुणी लस सिस्टरांनीच टोचली होती.

"सिस्टर, संग्रहाला बाबांचं नाव देऊ. कार्यक्रम करू," ते म्हणाले. "फक्त रोजनिशीतली ती ट्रेची पानं काढून टाका. बाबा आता नाहीत. लोक उगाच भलतं बोलतील."

"तू वाचलीस का रोजनिशी?"

"वाचायची काय गरज? सगळ्यांना माहीत आहे ते."

"सगळ्यांना माहीत आहे, मग पानं काढून काय उपयोग?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "कागद ट्रस्टचे आहेत, सिस्टर. मला पोलिसात जावं लागेल."

"जा की. पत्ता सांगू?"

ते गेल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, दोन-तीन पानांचा तर प्रश्न आहे. एवढ्यासाठी सगळंच अडेल."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "ती मोखाड्याची पोर त्या दिवशी भिंतीला चिकटून उभी होती. तिच्यासाठी कोणीतरी काहीतरी केलं, हे तेवढ्या दोन-तीन पानांतच आहे. ती फाडली की ती पुन्हा एकटी."

मी पुढचा गठ्ठा सोडायला घेतला.

पोलीस ठाण्यातून खरोखरच फोन आला. सिस्टरांनी टेम्पो बोलावला, सगळे गठ्ठे त्यात भरले, रद्दीवाल्याला सोबत घेतलं आणि भर सकाळी ठाण्याच्या दारात टेम्पो उभा केला. साहेबांची गाडी आत जाईना. आतला अंमलदार धावत बाहेर आला.

"मावशी, हे काय?"

"चोरीचा माल," सिस्टर म्हणाल्या. "पंचनामा करा. एकेक कागद लिहून घ्या. मोजून देणार, मोजून परत घेणार."

अंमलदाराने टेम्पोत डोकावून पाहिलं आणि कपाळ पुसलं. ट्रस्टचा माणूस आलेलाच होता. रद्दीवाला म्हणाला, "साहब, इनके आदमी ने खुद भर के दिया. माताजी मेरे से लेके गयी."

अंमलदार ट्रस्टच्या माणसाकडे वळला. "तुम्हीच विकलं?"

"चुकून गेलं, साहेब."

"चुकून विकलेलं चोरीला कसं जातं?"

तो माणूस दाराकडे सरकला. सिस्टर मात्र उठायला तयार नव्हत्या. "पंचनामा?" असं विचारत बाकावर बसून राहिल्या. शेवटी अंमलदाराने हात जोडून, चहा पाजून त्यांची रवानगी केली.

ठाण्यातली लढाई जिंकली, पण संग्रहालय घाबरलं. वाद मिटेपर्यंत कागद घेता येणार नाहीत, असं त्यांच्या वरिष्ठांनी कळवलं. सिस्टरांची तब्येत तोवर बिघडायला लागली होती. चार पावलं टाकली की धाप लागायची. मला वाटलं, आता त्या थकतील. त्यांनी रंगाऱ्याला बोलावून खोलीच्या दारावर पाटी लिहून घेतली: 'प्रशिक्षण वर्गाचं दप्तर. वाचायला या. हात धुऊन.'

आणि लोक खरंच आले. कॉलेजातल्या पोरी आल्या, आशा कार्यकर्त्या आल्या, आपल्या आईचा फोटो शोधत एक रिक्षावाला आला. तो संग्रहपाल सुटीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने येऊन नावांवर पट्ट्या लावत बसायचा. सिस्टर खुर्चीतून प्रत्येकाचे हात तपासायच्या.

एक दिवस अध्यक्ष आले. या वेळी पेढे नव्हते.

"मला वाचायचंय," ते म्हणाले.

"नळ तिकडे आहे."

त्यांनी हात धुतले आणि रोजनिशी घेऊन खिडकीशी बसले. सुरुवातीपासून वाचू लागले. पुराच्या वर्षी त्यांचे वडील छातीइतक्या पाण्यातून चालत येऊन एका बाईला वाचवून गेले, ते पान त्यांनी वाचलं. ट्रेची पानं वाचली. त्यापुढे एक नोंद होती, मीही ती तोवर वाचलेली नव्हती. त्यांनी ती मोठ्याने वाचली: 'डॉक्टरांनी ट्रे उचलला. मुलीची माफी मागितली नाही. पुढच्या राउंडला मात्र तिला नावाने हाक मारली. आजवर ते कोणत्याच मुलीला नावाने हाक मारत नसत.'

ते खिडकीबाहेर देवीच्या डोंगराकडे बघू लागले. मला वाटलं, विरघळले. पण माणूस एवढ्या सहज विरघळत नाही. वही मिटून ते कडवट आवाजात म्हणाले, "ठीक आहे. देतो पत्र. ट्रस्टची हरकत नाही असं लिहितो. पण माझी एक अट आहे. ही पानं राहणार असतील, तर संग्रहाला माझ्या वडिलांचं नाव लागता कामा नये."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"अट कडक आहे," त्या म्हणाल्या. "पण मान्य."

ते जिना उतरून गेल्यावर त्या इतक्या हसल्या की मला त्यांची पाठ चोळावी लागली.

संग्रहाला वर्गाचंच नाव मिळालं. मुंबईत सोपवण्याचा कार्यक्रम झाला. मोठा हॉल, व्यासपीठावर पाहुणे, अध्यक्षही होते. सिस्टरांना व्हीलचेअरवरून आणलं होतं. त्यांना 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला बोलायचं नाही. ज्यांचे हे कागद आहेत, त्या सगळ्याजणी आल्यात. एकेकीने पुढे यायचं, आपलं नाव आणि गाव सांगायचं."

हॉलच्या मागच्या रांगा उठल्या. मोखाड्याची आली, तलासरीची आली, अर्नाळ्याची पदर खोचून आली. माइक हातोहात फिरू लागला. काही नावं मोठ्या आवाजात, काही कुजबुजत. कार्यक्रमाची वेळ संपली, निवेदिका चुळबुळू लागली, तरी रांग संपेना. शेवटी प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, शाल सावरली आणि ते उठले.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "नावं अजून संपली नाहीत."

ते बसले.

माझी पाळी आली. मी माइक घेतला आणि नाव सांगितलं. सासरचं नाही, माहेरचं, ज्या नावाने मी त्या वर्गात दाखल झाले होते ते. किती वर्षांनी ते तोंडातून निघालं, कोण जाणे.

"ऐकू आलं नाही," खुर्चीतून सिस्टर म्हणाल्या. "मोठ्याने."

मी मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं.